हल्ल्यानंतर जनमत कुणीकडे झुकतं?

प्रश्न : 9/11 नंतर बुश यांची लोकप्रियता एकदम वाढली, मग माद्रिदच्या स्फोटांनंतर तीनच दिवसांत स्पेनमधला सत्ताधारी पक्ष हरला कसा? असे आकडे वाचायचे तरी कसे? — एक वाचक, सांगली

उत्तर : गॅलप या अमेरिकी संस्थेच्या जनमत पाहणीत हल्ल्याच्या आदल्या दिवसापर्यंत बुश यांच्या कामाला 51 टक्के पसंती होती. सप्टेंबर 2001 सरायच्या आत ती 90 झाली. भीती आणि राष्ट्रभावना होतीच, पण विरोधकांनी टीका आवरती घेतल्यानं लोकांच्या कानावर एकच बाजू पडत होती. ती शांतता मोडली की आकडा उतरू लागतो. इराक युद्धाच्या तोंडावर तो 58 होता.

माद्रिदमध्ये गुरुवारी, 11 मार्च 2004 रोजी स्फोट झाले आणि मतदान होतं रविवारी. पंतप्रधान अझनार यांच्या सरकारनं तडकाफडकी ‘एटा’वर, म्हणजे स्पेनपासून वेगळं होण्यासाठी हिंसा करणाऱ्या बास्क संघटनेवर ठपका ठेवला. एटाविरुद्धचा कडकपणा ही सरकारची जमेची बाजू. हल्लेखोर इस्लामी गटाचे निघाले, तर सरकारनं पाठिंबा दिलेलं, पण बहुसंख्य लोकांना नको असलेलं इराक युद्ध चव्हाट्यावर येणार होतं. त्याच दिवशी माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेसला एका व्हॅनमध्ये डिटोनेटर आणि अरबी ध्वनिफीत सापडली. शनिवारी मोरोक्कोच्या संशयितांना अटक झाली, तरी सरकार एटाचं नाव सोडेना. लोक सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयांसमोर जमले. चार वर्षांपूर्वी सुमारे 69 टक्के असलेलं मतदान 76 च्या आसपास गेलं. विरोधी समाजवाद्यांना 164 जागा मिळाल्या, अझनार यांचा पक्ष 183 वरून 148 वर आला. हे सगळं बॉम्बच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. लपवाछपवीचा संशय अधिक भोवला.

26/11 चंही सरळ उत्तर नाही. शिवराज पाटील, विलासराव, आर. आर. यांची पदं गेली, पण 2009 च्या लोकसभेत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीनं जिंकल्या. अर्थात मनसेनं युतीची मतं खाल्ली, त्यामुळे हा हल्ल्यावरचा कौल समजू नये.

पाहणी वाचताना आधी मुलाखतींच्या तारखा बघा, छापून आल्याची नव्हे. हल्ल्याआधीचा आणि नंतरचा आकडा एकाच संस्थेचा, एकाच प्रश्नावरचा हवा. हजार जणांच्या नमुन्यात प्रत्येक आकडा तीनेक टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, म्हणून दोन पाहण्यांमधल्या चारेक टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. आणि ‘काम पसंत आहे’ म्हणणारा मत देईलच असं नाही: 90 टक्के पसंती मिळवलेल्या बुश यांना 2004 मध्ये मतं पडली 50.7 टक्के.