शहाळ्याचं पाणी आणि सीओटू: दाब वाढवण्याआधी ढवळणं बघा

शहाळ्याच्या पाण्यातले जिवाणू मारायला तुम्ही त्यात दाबाखाली सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) विरघळवताय: १०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट), ४० अंश, १५ मिनिटं. एका फेरीत जिवाणू साफ, पुढच्या फेरीत जवळपास सुरुवातीइतकेच, म्हणून आता २०० बार लावणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपया थांबा. आमचे कित्येक महिने ह्याच चुकीत गेले.

नुसत्या दाबाने मारायचं तर काही हजार बार लागतात. खात्री करायची तर एक फेरी नायट्रोजनवर १०० बारला घ्या, जिवाणू जवळपास तसेच राहतील. मारतो तो विरघळलेला सीओटू. तो पेशीच्या स्निग्ध पटलातून आत शिरतो, पटल ढिलं करतो आणि आतला सामू (pH) पाडतो, मग एन्झाइम्स बंद पडतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने बाहेरचा सामू तितकाच उतरवला तरी एवढे मरत नाहीत, कारण ते आम्ल आत सहज जात नाही.

आता हिशोब बघा. ४० अंशांना दाब १०० चा २०० बार केला तरी विद्राव्यता जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढते. उलट स्थिर पाण्यात नुसत्या विसरणाने वायू ५ सेंमी खाली जायला दिवस लागतात. सीओटू विरघळलेलं पाणी जड होऊन खाली बसतं, त्याने थोडी मदत होते, पण भरवसा नको. तुमचं भांडं काठोकाठ भरलेलं आणि ढवळणी नाही, मग निकाल हलणारच. पाऊण भांडंच भरा. चुंबकीय ढवळणी लावा किंवा तळातून १० मायक्रॉनच्या सिंटर्ड (कण जोडून केलेल्या सच्छिद्र) स्टील फिल्टरमधून गॅस सोडा. दाब आणि तापमान दोन्ही स्थिरावल्यावरच घड्याळ लावा.

आणि सामू दाब सोडल्यानंतर मोजू नका! एका तपासणी प्रयोगशाळेने गॅस उडून गेलेल्या नमुन्याचा सामू मोजून 'आम्लाचा परिणाम नाही' असं लिहून दिलं, आणि त्या कागदामुळे आम्ही दाबाच्याच मागे लागलो. दाबाखाली तो बराच खाली असतो, शुद्ध पाण्यात तर ३ च्या आसपास.

दाब सोडताना व्हॉल्व्ह गरम ठेवा, नाहीतर कोरडा बर्फ धरून वाट बुजते. ओ-रिंग (झाकणाच्या रबरी कड्या) फुगतात, त्या फेरीगणिक तपासा. खोलीत सीओटू मापक हवाच, हे ऐच्छिक समजू नका.

तुमचं यंत्र मी पाहिलेलं नाही, तेव्हा आकडे स्वतः पडताळा. मात्र बीजाणू (जिवाणूंची चिवट, सुप्त रूपं) ४० अंशांना मरत नाहीत आणि शहाळ्याच्या पाण्याचा सामू साधारण ५ असतो, म्हणजे ते वाढू न देण्याइतकं ते आंबट नसतं. त्यामुळे बाटलीवर 'निर्जंतुक' लिहू नका, ४ अंशांखालीच ठेवा.