इवलासा तुडतुडा भाताला विषाणू कसा लावतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता मुंबईत, शेती कर्जतजवळ. दोन खाचरांत भात पिवळा-नारिंगी पडून खुजा राहिलाय. दुकानदार म्हणाला, ‘तुडतुड्यांनी व्हायरस आणलाय.’ एवढासा किडा झाडाला रोग देतो तरी कसा?

मी मुंबईतल्या एका कॉलेजात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा किडा तुम्ही बहुतेक पाहिलाही असेल. मी गोरेगावला राहतो. आरेच्या पाड्यांवर अजून भात लागतो, आणि नवरात्राच्या सुमारास आमच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटवर पाचरीच्या आकाराचे, जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे हिरवे तुडतुडे हमखास येतात. पंखांच्या टोकाशी काळा ठिपका असला तर तो बहुधा नर.

तुडतुडा पान कुरतडत नाही. त्याचं तोंड म्हणजे सुईसारखी सोंड. ती पानात खुपसून तो ज्या नळ्यांतून झाडाचं अन्न वाहतं, त्यांतला रस ओढतो. विषाणूला झाडाच्या पेशीची भिंत स्वतःहून फोडता येत नाही. सोंडेमुळे त्याला थेट त्या नळ्यांत शिरायला वाट मिळते.

तुम्ही सांगितलेली लक्षणं भाताच्या टुंग्रो नावाच्या रोगाशी जुळतात. टुंग्रो हा एका विषाणूचा रोग नाही, दोघांचा आहे. एक गोलाकार, दुसरा काडीसारखा. पिवळेपणा आणि खुजेपणा मुख्यतः काडीसारख्याचं काम, पण तुडतुड्यावर बसून दुसऱ्या झाडावर जाणं त्याला एकट्याला जमत नाही. त्यासाठी गोलाकार जोडीदार लागतो, आणि तो एकटा असला तर भातावर जवळपास काहीच दिसत नाही. म्हणजे निरोगी दिसणारं खाचरही रोगाची अर्धी तयारी बाळगून असू शकतं. वर्गात हे सांगताना दर वेळी मला नव्यानं नवल वाटायचं.

हे विषाणू तुडतुड्याच्या रक्तात जात नाहीत, त्याच्या शरीरात वाढतही नाहीत. आजारी झाडाचा रस पिताना ते चिकटतात, आणि तुडतुडा लगेच पुढच्या झाडाला ते देऊ शकतो. चार-पाच दिवसांत ही क्षमता संपते. पिल्लानं कात टाकली तरी संपते. तपकिरी तुडतुड्यांमार्फत जाणाऱ्या खुजेपणाच्या विषाणूंचं तसं नाही. ते किड्याच्या अंगात वाढतात, त्याला काही दिवस लागतात, पण मग तो किडा जन्मभर रोग वाहतो. जपानातल्या भाताच्या एका विषाणूबाबत तर तो तुडतुड्याच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो, हे फुकुशी या जपानी शास्त्रज्ञांनी 1930च्या दशकात दाखवलं. पंजाब-हरियाणात 2022 साली भात खुजा राहिला, तो विषाणू पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांनी पसरवला होता. तेव्हा ‘तुडतुडे आलेत’ एवढं म्हणून भागत नाही, कोणते ते बघावं लागतं.

आता फवारणीचं. पीक पिवळं दिसल्यावर केलेली फवारणी त्या झाडांना वाचवत नाही, कारण विषाणू मारणारं औषध नाही. जपायचं असतं ते रोपवाटिकेत आणि लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात. कोवळ्या रोपाला लागण झाली की फुटवे कमी येतात आणि नुकसान सर्वांत जास्त होतं. पिवळेपणा बघून युरिया मात्र टाकू नका. नत्र जास्त झालं की भात लुसलुशीत होतो आणि तुडतुडे वाढतात. ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. कापणीनंतर धसकटं नांगरून टाका, कारण त्यांना पुन्हा फुटलेल्या हिरव्या फुटव्यांत विषाणू टिकतो. टुंग्रो बियाण्यातून जात नाही, त्यामुळे घरचं बी टाकून द्यायचं कारण नाही.

पण आधी रोग खरंच टुंग्रो आहे का, हे ठरवा. जस्ताच्या कमतरतेनंही पानं तांबूस पडतात. तपकिरी तुडतुड्यांनी नुसता रस शोषला तरी भात गोल पट्ट्यांत जळतो, तो विषाणू नव्हे. या शनिवारी गावी जाल तेव्हा एक पिवळं आणि एक हिरवं चूड मुळांसकट, ओल्या कापडात गुंडाळून कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात दाखवा. तिथे भातावरच काम चालतं.