जुन्या तबकड्यांची ऑनलाइन विक्री : कष्ट किती, मोबदला किती?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना गाण्यांचा फार नाद होता. त्यांच्या मागे सुमारे ३५० तबकड्या आमच्या घरी आहेत. त्यांत बहुतेक लाँग प्ले, काही लहान ईपी (मोजक्या गाण्यांच्या) आणि चाळीसेक जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, आहेत. नागपुरातल्या ‘सदर’ नावाच्या भागातील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सगळ्यांचे मिळून १५,००० रुपये देऊ केले आहेत. मुलगी म्हणते, की इंटरनेटवर एकेका तबकडीची किंमत पाचशे रुपयांच्या खाली दिसत नाही, मग एवढ्या स्वस्तात का द्यायच्या? मी निवृत्त असल्यामुळे वेळ आहे, संगणकही थोडाफार येतो. एकेक तबकडी ऑनलाइन विकण्याचा खटाटोप करावा का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या मुलीने पाहिलेला आकडा खोटा नाही, मात्र तो विकणाऱ्याने मागितलेला आहे, घेणाऱ्याने मोजलेला नाही. एखादी तबकडी आठशे रुपयांच्या पाटीखाली तीन वर्षे पडून असेल, तर त्या किमतीला तिला गिऱ्हाईक नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते. म्हणून आधी प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहाव्यात. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक तबकडीच्या प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र नोंद असते आणि ती आवृत्ती पूर्वी विकली गेली असेल, तर मिळालेली सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त रक्कम तिथे दिसते. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरही विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात. या नोंदी चाळल्यावर उत्साह बराच उतरतो, पण हिशेब खऱ्या पायावर येतो.

आता आपल्यापुढचा खरा प्रश्न मांडू. तो १५,००० विरुद्ध पावणेदोन लाख असा नाही. व्यापारी १५,००० देतो ते ३५० तबकड्यांसाठी नव्हे, तर त्यांतल्या चाळीस-पन्नास चांगल्या तबकड्यांसाठी. उरलेल्या तो नाइलाजाने उचलतो. समजा, आपण ४५ निवडक तबकड्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या ३०५ साठी त्याने ८,००० रुपये देऊ केले. म्हणजे त्या ४५ तबकड्यांनी आपल्याला खर्च वजा जाता ७,००० पेक्षा जास्त मिळवून दिले, तरच खटाटोप फायद्याचा. प्रत्येकीचे निव्वळ ५५० रुपये आले असे धरले, तर २४,७५० रुपये होतात आणि वरकड सुमारे १७,७५० रुपयांची राहते. एका तबकडीमागे स्वच्छता, ऐकणे, छायाचित्रे, नोंद, पत्रव्यवहार, बांधणी आणि टपाल मिळून दीड तास धरला, तर तासाला सव्वादोनशे ते पावणेतीनशे रुपये पडतात. निवृत्त माणसाने आवडीने करायचे म्हटले तर हे वाईट नाही. याउलट दोनशे रुपयांना जाणाऱ्या तबकडीलाही तेवढाच दीड तास लागतो आणि तिच्यातून हाती जेमतेम शंभर रुपये उरतात. त्या ३०५ तबकड्या एकेक करून विकणे म्हणजे स्वतःला फार कमी मजुरीवर कामाला लावणे होय. हे सारे आकडे गृहीत धरलेले आहेत. आपले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा. मात्र व्यापाऱ्याला निवड केल्याचे आधीच सांगावे, कारण ढिगातला वरचा थर गुपचूप काढून उरलेला जुन्याच भावाने विकणे सरळपणाचे नाही, शिवाय त्याच्या नजरेतून ते सुटणारही नाही.

मग निवडायच्या कोणत्या? येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जी तबकडी घराघरांत होती, ती आजही सर्वांत जास्त उपलब्ध असते, म्हणून तिला किंमत कमी येते. १९७५ साली पॉलिडॉर कंपनीने काढलेली ‘शोले’च्या संवादांची तबकडी हे याचे ठळक उदाहरण आहे. ती इतकी खपली, की तिची साधी, वापरलेली प्रत मिळवण्यासाठी आजही कोणाला वणवण करावी लागत नाही. लोकप्रिय भावगीते, भक्तिगीते आणि गाजलेल्या हिंदी चित्रपटांचे संच यांचेही बहुधा तसेच असते. उलट १९८० च्या दशकात कॅसेट आल्यानंतर तबकड्या कमी संख्येने निघू लागल्या, त्यामुळे त्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या आरंभी निघालेल्या हिंदी चित्रपटांच्या लाँग प्लेंना, संगीत सामान्य असले तरी, संग्राहक चांगले पैसे मोजतात. जितकी जुनी तितकी मोलाची हा समज या धंद्यात चालत नाही.

परदेशी गिऱ्हाइकाची आवड तर आणखी निराळी असते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक लाँग प्ले काढली होती. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे युरोपातल्या नृत्यसंगीताच्या जाणकारांना तिच्यात त्यांच्याकडच्या शैलीचे पूर्वरूप ऐकू आले, २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि मूळ प्रतीला मोठी मागणी आली. सितारीबरोबर पाश्चात्त्य वाद्यमेळ असलेल्या आनंद शंकर यांच्या तबकड्यांनाही तिकडे चाहते आहेत. तेव्हा संग्रहात एखादी विचित्र दिसणारी, कोणी न ऐकलेली वाद्यसंगीताची तबकडी असेल, तर ती ‘हे काय घेऊन ठेवले होते’ म्हणून ढिगात टाकू नये. आधी तिचीच नोंद शोधावी.

नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायनाचे गिऱ्हाईक थोडे, पण जाणते असते. ज्यांचे बालपण नागपुरात गेले त्या वसंतराव देशपांडे यांच्या तबकडीला विदर्भातून विचारणा येईल, हे खरे. मात्र अशी माणसे आवृत्ती विचारतात. एकच ध्वनिमुद्रण कंपनी अनेकदा छापत असे. लेबलचा रंग, कव्हरचा कागद आणि तबकडीच्या आतल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला क्रमांक यांवरून पहिली आवृत्ती कोणती ते ठरते. त्यामुळे हा क्रमांक भिंगातून वाचून नोंदीत लिहावा आणि त्याचे छायाचित्रही द्यावे. खरेदीदाराची निम्मी शंका तिथेच मिटते.

उरलेली निम्मी शंका तबकडीच्या स्थितीविषयी असते आणि विक्रीनंतरचे बहुतेक तंटे तिच्यातूनच उद्भवतात. जगभर गोल्डमाइन या अमेरिकी नियतकालिकाची प्रतवारी चालते : मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड आणि त्याखाली पुअर. यातला ‘गुड’ फसवा आहे. त्याचा अर्थ तबकडी वाजते, पण चरे आणि खरखर भरपूर आहे, असा होतो. आपल्या घरातील तबकडी आपल्याला नेहमी एक पायरी वरची वाटते, म्हणून एक पायरी खालची प्रत लिहावी. तबकडी आणि कव्हर यांची प्रत स्वतंत्रपणे द्यावी. सुई कुठे अडकते किंवा उडी मारते का, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. ऐकलेली नसेल तर ‘केवळ पाहून प्रत ठरवली आहे’ असे स्पष्ट नमूद करावे. कव्हरवर बुरशीचे डाग, कसर लागल्याच्या खुणा, शिवणीवर फाटलेले कागद, मालकाची सही, यांतले काहीही लपवू नये. धूळ काढण्यासाठी शुद्ध केलेले पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब पुरतो. लेबल मात्र ओले होऊ देऊ नये. ७८ ची तबकडी बहुधा लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे ध्यानात ठेवून तिला स्पिरिट लावू नये.

नागपूरकरांसाठी एक खास अडचण आहे, ती उन्हाळ्याची. लाँग प्ले ज्या प्लास्टिकची असते, ते उष्णतेने मऊ होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतले तापमान त्याहून कितीतरी वर असते; अशा गाडीत दुपारभर पडलेले पार्सल उघडल्यावर आतली तबकडी ताटलीसारखी वाकलेली निघू शकते. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत नोंदी करणे, छायाचित्रे काढणे, पत्रव्यवहार करणे ही घरातली कामे उरकावीत आणि माल शक्यतो पाठवू नये. पाठवावाच लागला तर सोमवारी सकाळी टपालात टाकावा, म्हणजे रविवारी तो कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये अडकून राहणार नाही. दुसरा शत्रू म्हणजे आपला लाडका कूलर. त्याच्या दमट हवेने कव्हरांवर बुरशी धरते, म्हणून विक्रीसाठी काढलेला माल कूलर नसलेल्या खोलीत आणि उभा ठेवावा; आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या दबून वाकतात.

बांधणीत एकच गोष्ट बहुतेक नवखे विसरतात : तबकडी कव्हरमधून काढून, आतल्या पाकिटासह कव्हरच्या मागे ठेवायची असते. आतच राहू दिली तर वाटेतल्या धक्क्यांनी तिची कड कव्हरची शिवण फाडते आणि सुस्थितीतल्या कव्हरची किंमत एका प्रवासात जाते. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचे दोन-दोन तुकडे द्यावेत, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही. पुठ्ठ्याची खोकी इतवारी-गांधीबागेकडे घाऊक भावात मिळतात. झिरो माईलच्या गावात राहण्याचा एक लाभ असा, की मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांपैकी कुठेही पाठवले तरी पार्सलचा प्रवास फारसा कमी-जास्त होत नाही. स्पीड पोस्टचा खर्च प्रत्यक्ष वजन करून आधीच सांगावा. अंदाजाने सांगितलेला टपालखर्च नेहमी विकणाऱ्याच्या अंगावर येतो.

पैशांबाबत सावध राहावे. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर न बघता, घासाघीस न करता सर्व माल घेतो म्हणणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारा माणूस ठगच असतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. परदेशी खरेदीदार बहुधा पेपॅलने पैसे देतो. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले असले, तरी परदेशातून येणारी रक्कम त्यामार्फत स्वीकारता येते. डिस्कॉग्जवरून विकल्यास त्याचे शुल्क टपालखर्चासह एकूण रकमेवर आकारले जाते, हे किंमत ठरवताना विसरू नये.

आपल्या बाबतीत आमचे मत असे, की निवड करून चाळीस-पन्नास तबकड्या स्वतः विकाव्यात आणि बाकी व्यापाऱ्याला द्याव्यात. मात्र निवडीसाठी सर्व ३५० तबकड्यांची साधी यादी तरी करावीच लागेल आणि त्या कामाचा वेळ वरच्या हिशेबात धरलेला नाही. मुलीने आवडीने हे काम अंगावर घेतले, तर आमचा सल्ला टिकतो. नाही घेतले, तर १५,००० रुपयांत थोडी घासाघीस करून व्यवहार संपवण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : त्याच संदर्भात विचारते. ७८ च्या तबकड्या वाजवण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. त्या विकाव्यात की टाकून द्याव्यात?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : टाकून तर मुळीच देऊ नयेत. परदेशात ७८ चा जमाना संपल्यावरही भारतात त्या बराच काळ निघत राहिल्या. बीटल्सची १९६० च्या दशकातली गाणी आपल्याकडे ७८ वर छापली गेली आणि आज जगभरचे संग्राहक त्या प्रतींच्या शोधात असतात. तशी तबकडी आपल्या घरी निघेलच असे नाही. परंतु भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे १९०२ साली कोलकात्यात झाली, तेव्हापासूनच्या कित्येक गायकांचा आवाज केवळ या ठिसूळ तबकड्यांवर उरला आहे. म्हणून लेबल वाचून यादी करावी आणि ती अभ्यासकांना दाखवावी. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा संग्रहांच्या नोंदींचे आणि अभ्यासाचे मोठे काम केले आहे. विकायच्याच असतील तर शक्यतो गावातल्या गावात, हातोहात विकाव्यात, कारण टपालात या तबकड्या फुटतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, म्हणून फार जुनी तबकडी परदेशी पाठवण्यापूर्वी त्याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : कबाड्याकडून तबकड्या घेऊन ऑनलाइन विकण्याचा जोडधंदा चालेल का?
— एक विद्यार्थी, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : कान तयार असेल आणि आवृत्ती ओळखता येत असेल तर चालेल, केवळ स्वस्तात मिळतात म्हणून घेतल्या तर खोलीत माल साचेल. कबाड्याकडच्या तबकड्या बहुधा पाकिटाशिवाय एकमेकींवर घासलेल्या असतात, त्यामुळे दहांतल्या दोन-तीनच विकण्याजोग्या आहेत असे धरून भाव करावा. सुरुवातीला चांगल्या सुईचा एक रेकॉर्ड प्लेअर घ्यावा आणि वाजवून पाहिल्याशिवाय एकही तबकडी विक्रीला लावू नये. घरचा संग्रह विकणे आणि विकण्यासाठीच माल खरेदी करणे यांत कायद्याने फरक पडतो. तेव्हा नियमित धंदा करायचा असेल तर जीएसटी नोंदणी आणि परदेशी विक्रीसाठी लागणारा आयात-निर्यात क्रमांक यांविषयी सनदी लेखापालाला पहिल्याच महिन्यात विचारावे.