'निवृत्त' फौजी म्हणजे नेमका कोण?

पारोळ्याकडच्या एका भाऊंनी विचारलंय, की १० सप्टेंबर हा आत्महत्या रोखण्याचा जागतिक दिवस, त्यासाठी गावातले सगळे फौजी मिळून चौकात बोर्ड लावणार आहेत, तर त्यावर 'माजी सैनिक आत्महत्या प्रतिबंध' लिहायचं की 'निवृत्त सैनिक आत्महत्या प्रतिबंधक'?

प्रतिबंधचं आधी उरकतो. शब्द चूक नाही, पण चौकात 'प्रतिबंध' वाचला की माणसाला बंदी आणि दंडच आठवतो. आधीच आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा हे लोकांच्या डोक्यातून जात नाही. जुन्या दंडसंहितेत कलम ३०९ होतं, प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. मग २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस प्रचंड ताणात होता असंच धरायचं, शिक्षा नाही, उपचार द्यायचे, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तर ते कलम घेतलंच नाही (सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा वेगळा ठेवलाय). तरी बातमीत अजून 'आत्महत्येचा प्रयत्न फसला' असंच येतं! अरे फसला काय, माणूस वाचला म्हणा ना. तुम्ही सरळ 'रोखू या' लिहा.

आता निवृत्त. 'निवृत्त झाला, संपलं त्याचं' हे ओट्यावर इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो आणि आपण त्याला थेट म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवतो. शब्द काय सांगतो बघा. नि + वृत्, वृत् म्हणजे वळणं, फिरणं. निवृत्त म्हणजे मागे वळलेला, परत आलेला! गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'यद्गत्वा न निवर्तन्ते' आहे, जिथे गेल्यावर परत येणं नाही. ह्याच वृत् पासून वर्त्मन् आणि त्यातून आपली रोजची 'वाट', आणि 'परतणं' सुद्धा ह्याच घरातलं. म्हणजे वाट धरून घरी परतलेला तो निवृत्त, किती सुंदर आहे हे.

पण त्याच धातूचं मराठीत 'निवर्तणे' पण झालं, आणि त्याचा अर्थ मरणं. आजोबा निवर्तले म्हणतो ना, तेच. माझं ठाम मत आहे की रिटायर माणसाकडे बघताना आपण नकळत हा दुसरा अर्थ लावतो आणि पहिला विसरतो. काही जाणकार म्हणतात की निवृत्ती म्हणजे विरक्ती, प्रवृत्तीच्या उलट. मला हे अजिबात मान्य नाही. तो तत्त्वज्ञानाने नंतर चढवलेला अर्थ आहे, आणि पोरं शाळेत, बोअरचं कर्ज डोक्यावर, असा अडतीस वर्षांचा माणूस कसला विरक्त हो?

'माजी'वर भाषाशुद्धीवाले तुटून पडतात, कारण अरबी. मग फौज, शिपाई, हवालदार, सुभेदार पण काढा, उरतं काय? (पलटण मात्र 'पलटणे'वरून आलेली नाही, ती इंग्रजी प्लाटूनची. धरणगावला १८२५ साली आउट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली तेव्हापासून खान्देशात हा शब्द मुरलाय, तरी लोक पलटी मारण्याशी जोडतात.) माझी तक्रार माजीच्या जातकुळीबद्दल नाहीच, अर्थाबद्दल आहे. माजी म्हणजे होऊन गेलेला. सरकारी फॉर्मवर माजी सैनिकच लिहावं लागतं, लिहा, पण बोर्डावर तो नको.

कारण अडचण तिथेच आहे. माणूस रेल्वेतून उतरून घरी येतो, पण तुकडी, हुद्दा, पहाटेची शिट्टी, शेजारच्या खाटेवरचा जोडीदार, सगळं एका दिवसात सुटतं. गावात सगळे 'मेजर, मेजर' करतात, पण झोप लागते का असं कोणी विचारत नाही. दारू वाढली, माणूस गप्प झाला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, 'माझं ओझं झालंय' म्हणायला लागला, तर जवळ बसा, 'काय व्हयनं भाऊ?' विचारा, आणि जीव द्यावासा वाटतो का हे पण स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलता येतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, डॉक्टरकडे सोबत जा. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि सैन्यदलांसाठी त्यांचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालाय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाता येतं.

तर बोर्डावर एवढंच लिहा: 'फौजी भाऊ, मन जड झालं तर बोला. आत्महत्या रोखू या. १४४१६'. आणि नंबर चालत्या मोटरसायकलवरून वाचता येईल एवढा मोठा काढायला सांगा पेंटरला.