आचाऱ्याच्या पोरानं ऑस्ट्रेलियाला यावं का?

भाऊ, तुम्ही भिवापूरकडचे. मोठ्या बाबांच्या हाताखाली पंगतीचा स्वयंपाक शिकलात, आता उमरेडला हॉटेलात आहात. शेफ म्हणून ऑस्ट्रेलियाला यायचंय आणि ‘मालक मिळवून देतो’ म्हणत एजंट 10 लाख मागतोय.

ते 10 लाख देऊ नका. स्पॉन्सरशिपच्या, म्हणजे मालकानं व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेण्याच्या बदल्यात पैसे घेणं आणि देणं, दोन्ही इथे ऑस्ट्रेलियात 2015पासून बेकायदा आहे. व्हिसाची फी, रजिस्टर्ड एजंटची फी हा खर्च वेगळा. मालकानं सरकारला भरायची ट्रेनिंग लेव्हीसुद्धा तुमच्याकडून वसूल करता येत नाही.

स्पॉन्सरच्या व्हिसाला डिसेंबर 2024पासून ‘स्किल्स इन डिमांड’ म्हणतात. अनुभवाची अट आता एका वर्षाची आहे, पण तो अनुभव कागदावर दिसला पाहिजे. मोठ्या बाबांनी आख्ख्या गावाला जेवू घातलं असेल, त्याची पगारपत्रकं कुठून आणणार? म्हणून हॉटेलचा पगार आजपासून बँकेत घ्या, पावत्या जपा. मालकाकडून कामाचं पत्र घ्या. त्यात ‘कुक’ एवढंच नको, रोज काय काय करता ते सविस्तर हवं.

आमच्या आर्वीकडे माझे मामा आचारी. लग्नसराईत त्यांच्या मागं भांडी उचलत गावोगाव फिरलो, स्वयंपाकाचं वेड तिथंच लागलं. पाटोडीच्या (बेसनाच्या वड्यांच्या) रश्शाला खसखस, दगडफूल, खोबरं किती भाजायचं हे मामा वासावरून सांगायचे. माझी आई मिठाला कधी चमचा लावत नाही. इथं मेलबर्नच्या किचनमध्ये मात्र थर्मामीटर बोलतो. गार अन्न 5 अंशांच्या खाली, गरम 60च्या वर. मधल्या तापमानात एकूण चार तासांवर गेलं की फेकायचं. पंगतीची डाळभाजी दुपारभर तशीच ठेवायची सवय असेल तर ती तिकडेच सोडा. आणि निघण्याआधी आईची मूठ वजनकाट्यावर मोजून ग्रॅममध्ये लिहून घ्या. फोनवर विचारलं तर ‘अंदाजानं टाक’ एवढंच उत्तर येतं.

एक कडू गोष्ट. पाटोडी रस्सा इथं कोणी मागत नाही. बटर चिकन, नान, पुन्हा बटर चिकन. तंदूर येत नसेल तर नागपूरला शिकून या. आपलं रांधायचं ते स्टाफच्या जेवणाला. मेलबर्नमधल्या फुट्सक्रेच्या व्हिएतनामी दुकानांत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या मिळतात. सांभारवडी केली की आमचा नेपाळी भांडीवाला दुसऱ्या कशाला हात लावत नाही. ज्वारी क्वीन्सलँडात भरपूर पिकते, पण बरीचशी जनावरांच्या खाद्यात नाहीतर निर्यातीला जाते. आपल्याला भारतातून आलेलं जुनं पीठ, त्याची भाकर थापतानाच चिरते.

भिवापुरी तिखट आणायचं तर पॅकबंद आणा. विमानतळाच्या कार्डावर खायची प्रत्येक वस्तू जाहीर करा, लपवलं तर मोठा दंड बसतो.

आणि पासपोर्टवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी जुळतं का, ते या आठवड्यातच बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.