युनियनचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठतात

प्रश्न : मी २६ वर्षांचा, आयटीआय फिटर. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत तीन वर्षं ठेकेदाराकडे आहे. पगाराची स्लिप मिळत नाही, ओव्हरटाइम सिंगल रेटने मिळतो. आम्ही सात-आठ पोरं युनियनचं बोलतोय. पण बाबा गिरणीत होते, ८२च्या संपानंतर कायमचे गावी आले. युनियन म्हटलं की जेवता जेवता उठून जातात. काय करू?
– एक वाचक, ता. खेड

उत्तर : बाबांशी वाद घालू नकोस रे. त्या वर्षी आमच्याही घरी लालबागहून येणारी काकांची मनिऑर्डर थांबली. पोस्टमन दिसला की आजी खळ्यात येऊन उभी राहायची, तो नुसती मान हलवून पुढे जायचा.

पण एकदा निवांत असताना त्यांना विचार, गिरणीत युनियन होतीच, मग तुम्ही डॉक्टर सामंतांकडे का गेलात? १९४६च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांना तो आपला वाटत नव्हता, पण बदलायचा कसा? संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत तर आपल्याच कोकणातल्या देवबागचे. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली ती पगार-बोनससाठी, आणि हा कायदा जावा म्हणूनही. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. बाबा ताटावरून उठतात ते कशावरून, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तू विचारलंस तर कदाचित ते सांगतील.

आता तुमचं. नोंदणीचा अर्ज सात जणांना करता येतो, पण सभासद एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० लागतात, यातलं जे कमी असेल ते. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही हेच आहे. तीनशे माणसांच्या ठिकाणी तीस जमवायचे म्हणजे वेळ लागणार. तोवर केमिकल कामगारांची एखादी नोंदणीकृत युनियन तुमच्या भागात असेल तर तिचे सभासद व्हा. मात्र वर्गणीची पावती न देणाऱ्या पुढाऱ्याच्या नादी लागू नका, मग तो भाषण कितीही चांगलं करो.

युनियनमध्ये गेलास म्हणून कामावरून काढणं कायद्याने अनुचित प्रथा ठरते. तरी त्रास व्हायचा तो होतोच. आम्ही पहिल्यांदा सह्या घेतल्या त्या कालनिर्णयच्या पानामागे, कँटीनच्या मागच्या शेडमध्ये, लाइट गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात. आणि मी शहाण्याने ते पान डब्याच्या पिशवीत घालून कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवलं! तिसऱ्या दिवशी लॉकर तपासले. मला सलग दोन महिने नाइट लागली, दोघांची डिपार्टमेंटं बदलली. एकाने तर सही खोडायला लावली, आजही समोर आला की रस्ता बदलतो. कागद घरी ठेवायचा, एवढी साधी अक्कल नव्हती.

म्हणून झेंडा, बोर्ड नंतर बघू. आधी प्रत्येकाने एक वही करा: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, हातात आलेले पैसे. पीएफच्या पासबुकात ठेकेदार दर महिन्याला भरणा करतो का, ते मोबाइलवर बघा. नुसता पगारातून कापत असेल तर ती वेगळीच भानगड. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, हे कारखान्यांच्या जुन्या कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे मात्र आमच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं.

स्लिप मागायला एकटा जाऊ नकोस. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, फर्स्ट शिफ्ट सुटताना सगळे मिळून जा. ठेकेदाराचा माणूस तेव्हा गेटवरच असतो, आणि सेकंड शिफ्टची माणसंही आत शिरत असतात.