सहीचं टार्गेट खरं कसं ओळखायचं?

प्रश्न : नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतलं, सही केलेलं कागदी टार्गेट एक जण बारा हजारांना देतोय. कागदावर दहा भोकं आहेत. घ्यावं का? आणि आमच्याकडच्या पावसात ते टिकेल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : अंतिम फेरीचं म्हणून मुळीच घेऊ नका. 1 ऑगस्ट 2024 ला कुसाळे यांनी 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवलं, ते इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर. हे दशांशातले गुण यंत्रच मोजतं. गुणांची वर्तुळं छापलेला कागद तिथे नव्हताच.

सरावातलं किंवा चाहत्याला सही करून दिलेलं टार्गेट मात्र खरं असू शकतं. त्यासाठी आधी पट्टी लावा. त्यांचा प्रकार 50 मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा), गोळी 5.6 मिमीची. या टार्गेटवरचा काळा गोल 112.4 मिमी व्यासाचा असतो, दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिमीचं. काळा गोल 30.5 मिमी भरला तर तो 10 मीटर एअर रायफलचा कागद, म्हणजे विकणाऱ्याला प्रकारच ठाऊक नाही.

मग दहापट भिंग घ्या. शिशाची गोळी आरपार जाताना भोकाच्या कडेला करडं वळं सोडते आणि कागदाचे तंतू मागे वळतात. कागदाला भोक पाडायच्या पंच यंत्राने पाडलेलं भोक स्वच्छ कापलेलं दिसतं, कडेला करडेपणा नसतो. कागद थोडा मिटतो, त्यामुळे भोक 5.6 पेक्षा किंचित लहान भरलं तरी शंका नको. सही एखाद्या भोकावरून गेली असेल तर तिथे नीट पाहा : नेम आधी आणि सही नंतर झाली असेल, तर शाई फाटलेल्या तंतूंत उतरलेली असते. सहीच्या रेषेत बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती छापलेली. हाताळून झालं की हात साबणाने धुवा, कडांवर शिसं असतं.

टिकवण्याचं म्हणाल तर लॅमिनेशन कधीच करू नका. ते पुन्हा सुटत नाही. पीव्हीसीची पिशवीही नको, ती कालांतराने चिकट होते आणि शाई ओढून घेते. पॉलिएस्टरचं पाकीट, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषून रंग बदलणारं सिलिका जेल. जूनपासून दर पंधरा दिवसांनी जेल बघा; रंग बदलला की 110 ते 120 अंशांवर दोनेक तास भाजून सुकवा. फ्रेम करायची तर काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये 3-4 मिमीची चौकट ठेवा, नाहीतर ओल धरून कागद काचेला चिकटतो. ऊन पडणारी किंवा पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा. मार्करची शाई उन्हाने सर्वांत आधी उडते.

प्रश्न : स्पर्धेत वापरलेली काडतुसं जमवता येतील का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. रिकाम्या पुंगळीबाबतही आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. त्यापेक्षा स्पर्धेचे छापील कार्यक्रम, निकालपत्रकं, ओळखपत्रं गोळा करा. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यातच झाल्या, तेव्हाचे कागद इथल्या घरांत अजून सापडतील. ज्यांच्याकडून घ्याल त्यांच्याकडून तारीख आणि ते कुठून आलं हे लिहून घेऊन सोबतच ठेवा.